५८चे ६४ झाले, म्हणजे नेमकं काय झालं?

प्रश्न थोडक्यात असा. न्यू जर्सीतल्या एका टाउनशिपमध्ये राहणारं मराठी कुटुंब, मुलगी चौथीत. ऑक्टोबरातल्या स्कूल बोर्डाच्या मीटिंगमध्ये सुपरिंटेंडंटनी, म्हणजे गावातल्या सरकारी शाळांच्या समूहाच्या (स्कूल डिस्ट्रिक्टच्या) प्रमुखांनी, स्लाइड दाखवली: राज्याच्या परीक्षेत तिसरी ते आठवीच्या इंग्रजीत 'प्रोफिशियंट' (म्हणजे अपेक्षित पातळी गाठलेली) ठरलेली मुलं २०२२ मध्ये ५८ टक्के होती, २०२४ मध्ये ६४ टक्के झाली. टाळ्या पडल्या, शेजाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर अभिनंदनं झाली. मुलीचे वडील विचारतात: आमचं डिस्ट्रिक्ट खरंच सुधारलं का? आणि हे घरी बसून तपासायचं कसं?

मी पंधरा वर्षं हेच काम करते. आधी मॅसॅच्युसेट्समध्ये होते, आता न्यू जर्सीत एका स्कूल डिस्ट्रिक्टच्या मूल्यमापन विभागात आहे. तुमच्या सुपरिंटेंडंटनी दाखवली तशी स्लाइड मी स्वतः कितीतरी वेळा बनवली आहे, त्यामुळे तिच्यात काय बसतं आणि काय बाहेर राहतं ते मला आतून माहीत आहे. माझं उत्तर आधीच सांगून टाकते: सुधारणा झालेली असू शकते, पण ती ६ अंकांची नाही. फार तर तीनेक अंकांची असेल, आणि त्या तिनातलंही सगळं शाळांच्या पदरात घालता येईल असं नाही.

सुधारणेचा कुठलाही आकडा ही एक वजाबाकी असते. आजच्या आकड्यातून कालचा वजा केला की जे उरतं त्याला आपण प्रगती म्हणतो. वजाबाकी बरोबर यायची तर दोन्ही बाजूंना एकच गोष्ट हवी: तीच परीक्षा, तीच उत्तीर्णतेची रेषा, शक्यतो तीच मुलं. आंब्यांतून चिकू वजा केले तरी कॅल्क्युलेटर उत्तर देतोच. स्लाइडवर फक्त ते उत्तर असतं.

आता तुमच्या सहा अंकांकडे वळू. माझं पहिलं लक्ष डाव्या टोकाकडे गेलं. सुरुवात २०२२ पासून का? राज्याची ही परीक्षा, एनजेएसएलए, २०१९ पासून या नावाने होऊ लागली. २०२० आणि २०२१ मध्ये कोविडमुळे ती झालीच नाही. २०२२ मध्ये निकाल लागला तो खड्ड्याच्या तळाचा. राज्यभराचं इंग्रजीचं प्रमाण २०१९ मध्ये सुमारे ५८ टक्के होतं, २०२२ मध्ये ते सुमारे ४९वर आलं आणि २०२४ मध्ये ५२च्या आसपास पोचलं. म्हणजे तुमचं डिस्ट्रिक्ट ६ अंक चढलं तेव्हा अख्खं राज्यही ३ अंक चढलं होतं. भरती आली की खाडीतली सगळीच होडकी वर येतात. तुमचं होडकं बाकीच्यांपेक्षा किती वर आलं हा खरा प्रश्न, आणि त्याचं उत्तर तीनपाशी येतं.

आणि २०१९? तो आकडा स्लाइडवर नाही. समजा तेव्हा तुमचं डिस्ट्रिक्ट ६८वर असेल, तर ५८ ते ६४ ही सुधारणा नव्हे, ती अर्धीमुर्धी भरपाई आहे. भरपाईलाही मोल आहे, पण तिला तिच्या नावाने हाक मारावी. राज्याच्या संकेतस्थळावर प्रत्येक डिस्ट्रिक्टच्या, प्रत्येक शाळेच्या आणि प्रत्येक इयत्तेच्या निकालाच्या फायली खुल्या आहेत. २०१९ ची फाइल उघडायला दहा मिनिटं पुरतात.

दुसरी अडचण 'प्रोफिशियंट' या शब्दातच आहे. या परीक्षेत २०२२ आणि २०२४ मध्ये प्रत्येक मुलाला ६५० ते ८५० दरम्यान गुण मिळाले आणि रेषा ७५०ला होती. ७४९ मिळवणारं मूल रेषेखाली, ७५० मिळवणारं वर. ६८० वरून ७४० पर्यंत मजल मारणारं मूल टक्केवारीत कुठेच दिसत नाही. ७४८ वरून ७५१ वर गेलेलं मूल मात्र डिस्ट्रिक्टच्या खात्यात एक अख्खं यश जमा करतं. शिक्षकांना आणि मुख्याध्यापकांना हे कळत नाही असं थोडंच आहे! २००२ च्या 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड' कायद्याने २०१४ पर्यंत शंभर टक्के मुलं प्रोफिशियंट करायचं फर्मान काढलं तेव्हा शाळाशाळांत 'बबल किड्स' हा शब्द रुळला. रेषेच्या जरा खाली असलेली मुलं म्हणजे बबल किड्स. जादा तास त्यांनाच, खास शिक्षक त्यांनाच. शिकागोच्या आकड्यांवर डेरेक नील आणि डायान शॅन्झेनबाख यांनी केलेल्या अभ्यासात हेच दिसलं: मधल्या मुलांचे गुण वाढले, अगदी तळाच्या मुलांना फारसं काही मिळालं नाही. टक्केवारी मात्र वाढलेली.

टक्केवारीचा आणखी एक खेळ आहे, आणि तो कुणाच्या लबाडीचा नाही, निव्वळ गणिताचा आहे. मुलांचे गुण साधारण घंटेच्या आकारात पसरतात, मध्ये गर्दी आणि कडेला विरळ. दोन डिस्ट्रिक्ट घ्या. दोन्हीकडे प्रत्येक मुलाचे गुण अगदी सारखे वाढले, प्रमाण विचलनाच्या (गुण सरासरीभोवती किती पसरलेत त्याच्या मापाच्या) एक दशांशाने. पहिल्या डिस्ट्रिक्टमध्ये आधी ५० टक्के मुलं पास होती, ती ५४ टक्के होतील, कारण रेषा नेमकी गर्दीत आहे. दुसऱ्यात आधी ९५ टक्के पास होती, तिथे जेमतेम ९६ होतील. सुधारणा तंतोतंत तीच, पण वर्तमानपत्रात एकाची चौपट. म्हणून ज्या टाउनशिपचा आकडा पन्नास-साठच्या घरात आहे तिच्या उड्या नेहमीच मोठ्या दिसतात. आणि ज्यांना राज्याच्या जुन्या वर्गवारीवरून आजही सगळे 'आय' आणि 'जे' डिस्ट्रिक्ट म्हणतात, त्या श्रीमंत गावांतल्या शाळा जागच्या जागी असल्यासारख्या वाटतात.

यावर साधा तोडगा आहे. टक्केवारी सोडा, सरासरी गुण घ्या. तेही मिळाले नाहीत तर टक्केवारीचं रूपांतर घंटेवरच्या अंतरात करा. कुठल्याही स्प्रेडशीटमध्ये त्याचं सूत्र आहे. तुमचे ५८ ते ६४ म्हणजे सुमारे ०.१६ प्रमाण विचलन. राज्याचे ४९ ते ५२ म्हणजे सुमारे ०.०८. उरले ०.०८. हे किती? आमच्या धंद्यात ढोबळ हिशेब असा, की प्राथमिकच्या वरच्या इयत्तांत मूल एका वर्षात साधारण एक तृतीयांश विचलन पुढे जातं. म्हणजे ०.०८ हे शाळेच्या वर्षाच्या पावभागाइतकं, दोन-अडीच महिन्यांचं शिक्षण. दोन वर्षांत डिस्ट्रिक्टभरातली मुलं राज्याच्या तुलनेत दोन महिने पुढे सरकली असतील तर ते चांगलं काम आहे. टाळ्या वाजवाव्यात, फटाके नकोत.

उत्तीर्णतेची रेषा कोण, कधी आणि कुठे आखतं, याची गंमत महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला वेगळी सांगायला नको. दहावीचा निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के लागला. २०१९ मध्ये भाषांचे आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण काढून घेतले आणि निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. २०२० मध्ये अंतर्गत गुण परत आले, कोविडमुळे रद्द झालेल्या भूगोलाच्या पेपरचे गुण सरासरीने दिले गेले, आणि निकाल ९५.३० टक्के. २०२१ मध्ये परीक्षाच झाली नाही, निकाल ९९.९५ टक्के. या चार वर्षांत महाराष्ट्रातल्या पोरांची अक्कल अशी वरखाली झाली असं कुणी म्हणेल का? इथेही तेच होतं, फक्त ते जास्त गंभीर चेहऱ्याने होतं. न्यू यॉर्क राज्यात २००९ मध्ये तिसरी ते आठवीच्या गणितात ८६ टक्के मुलं प्रोफिशियंट होती. परीक्षा सोपी आणि ओळखीची होत चालल्याचं लक्षात आल्यावर २०१० मध्ये राज्याने रेषा वर नेली आणि ८६चे ६१ झाले, इंग्रजीत ७७चे ५३. २०१३ मध्ये नवा अभ्यासक्रम आणि नवी परीक्षा आली आणि दोन्ही विषय ३१ टक्क्यांच्या आसपास आले. उलटंही घडतं. विस्कॉन्सिनने २०२४ मध्ये रेषा बदलल्या, श्रेणींची नावंही बदलली, आणि आकडे एका रात्रीत वर गेले. अशा वर्षाच्या दोन्ही बाजूंचे आकडे एका आलेखावर काढणं म्हणजे आंबे आणि चिकूच. न्यू जर्सीत ७५०ची रेषा २०१५ च्या पार्क परीक्षेपासून (एनजेएसएलएच्या आधीची, काही राज्यांची सामाईक परीक्षा) चालत आलेली होती, त्यामुळे तुमच्या २०२२ आणि २०२४ च्या तुलनेत निदान ही भानगड नाही.

परीक्षा देण्याचं माध्यमही असाच घोटाळा करतं. मॅसॅच्युसेट्समध्ये २०१५ आणि २०१६ मध्ये पार्क परीक्षा कागदावर घ्यायची की संगणकावर, हे डिस्ट्रिक्ट ठरवू शकत होती. बेन बॅक्स आणि जेम्स कावन यांनी नंतर तपासलं तेव्हा संगणकावर देणाऱ्या मुलांचे गुण पहिल्या वर्षी इंग्रजीत सुमारे पाव विचलनाने आणि गणितात सुमारे एक दशांशाने कमी निघाले. दुसऱ्या वर्षी हा फटका बराच कमी झाला. पाव विचलन म्हणजे वरच्या हिशेबाने वर्षाचा पाऊण भाग! त्या वर्षी संगणकावर गेलेल्या डिस्ट्रिक्टची पुढच्या वर्षीची 'सुधारणा' कीबोर्डची सवय झाल्याने आली की वाचनाने, हे कोण सांगणार?

आता चिल्लर खुर्दा, म्हणजे निव्वळ योगायोगाने होणारे चढउतार. डिस्ट्रिक्टमधल्या दोन हजार मुलांच्या आकड्यावर ६ अंकांचा फरक निव्वळ योगायोगाने येत नाही. पण त्याच बैठकीत शाळावार स्लाइडही असेल, आणि तिथे कुठल्याशा एलिमेंटरी स्कूलमध्ये तिसरीचा टक्का नऊने वाढला म्हणून मुख्याध्यापकांना उभं केलं असेल. त्या तिसरीत मुलं किती? साठ असतील, तर यंदाची साठ आणि गेल्या वर्षीची साठ यांच्यात इतका फरक केवळ नशिबाने पडतो. एखाद्या वर्षी वर्गात चार हुशार जास्त, एखाद्या वर्षी दोन-तीन जणांना परीक्षेच्या दिवशी ताप. टॉमस केन आणि डग्लस स्टायगर या अर्थतज्ज्ञांनी २००२ मध्ये हे नीट मांडलं: छोट्या शाळा सर्वोत्तमांच्या यादीतही जास्त असतात आणि सर्वात वाईटांच्या यादीतही, कारण छोट्या संख्येला झोके मोठे बसतात. शाळेचा एक वर्षाचा एका इयत्तेचा आकडा मी स्वतः तरी बघत नाही. तीन वर्षांची सरासरी घेते, नाहीतर गप्प बसते.

इथे माझीच एक फजिती सांगते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत आमच्या डिस्ट्रिक्टने वाचनाचा एक नवा महागडा कार्यक्रम आणला. तो कुठल्या शाळांत लावायचा? साहजिकच सर्वात कमी गुण पडलेल्या चार शाळांत. पुढच्या वर्षी चारपैकी तीन शाळांनी घसघशीत उडी मारली. मी आलेख काढला, हिरवे बाण लावले आणि बोर्डापुढे उभी राहिले. बोर्डाने कार्यक्रम सगळ्या शाळांना लावला, पैसे मोजले. त्याच्या पुढच्या वर्षी त्या तीन शाळा जिथल्या तिथे परत आल्या. झालं असं होतं, की त्या शाळा तळाला गेल्या त्या वर्षी त्यांचं नशीबही तळाला होतं. पुढच्या वर्षी नशीब नेहमीसारखं झालं आणि गुणही. लागोपाठ दोन डावांत शून्यावर बाद झालेला फलंदाज तिसऱ्या डावात वीस-तीस धावा करतोच, आणि मधल्या काळात त्याला नवी बॅट दिली असेल तर श्रेय बॅटला जातं. संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परतणं म्हणतात. परीक्षेत मी त्यावर उत्तर लिहून गुण मिळवलेले होते, आणि तरी फसले. तेव्हापासून 'सर्वात मागे होतो, सर्वात जास्त वाढलो' असं कुणी म्हटलं की मी त्यांच्या चार वर्षांचे आकडे मागते.

आता सगळ्यात मोठा प्रश्न: ही मुलं कोण? २०२२ मध्ये तिसरी ते आठवीत असलेल्यांपैकी सातवी-आठवीची मुलं २०२४ पर्यंत बाहेर पडली आणि तिसरी-चौथीच्या दोन नव्या तुकड्या खालून आत आल्या. म्हणजे सहापैकी चार तुकड्या त्याच, दोन नव्या. बाहेर गेलेल्यांची मधल्या शाळेची ऐन वर्षं लॉकडाउनमध्ये गेली होती. २०२४ मध्ये तिसरीत असलेली मुलं २०२० च्या मार्चमध्ये प्री-केला, म्हणजे बालवर्गाच्याही आधीच्या वर्गात होती; ती पहिलीत आली तोवर शाळा पुन्हा प्रत्यक्ष भरू लागल्या होत्या. या अदलाबदलीनेच सरासरी काही प्रमाणात वर सरकते. कुठल्याही शिक्षकाने काहीही वेगळं केलेलं नसताना.

त्यात गावही बदलतं. न्यू जर्सीत ट्रेन स्टेशनच्या आसपास नवी टाउनहाउसं उभी राहतात, तिथे इंजिनिअर आईबापांची मुलं येतात, आणि तीन वर्षांत शाळेचा आकडा वाढतो. उलट एखाद्या गावात इंग्रजी नुकतीच शिकू लागलेली मुलं मोठ्या संख्येने आली तर काय होईल? समजा इंग्रजी शिकणाऱ्या मुलांचा टक्का ३० वरून ३५ झाला, बाकीच्यांचा ७० वरून ७३. दोन्ही गट सुधारले. पण इंग्रजी शिकणाऱ्यांचं प्रमाण दहात एकवरून दहात तीन झालं. एकूण आकडा ६६ वरून ६१.६वर घसरेल. प्रत्येक गट वर आणि बेरीज खाली! असं डिस्ट्रिक्ट चांगलं काम करत असूनही बैठकीत शिव्या खातं. गटवार बघतानाही सांभाळायला लागतं. इंग्रजी पुरेशी आली की मुलाला त्या गटातून काढतात, म्हणजे यशस्वी झालेली मुलं गटातून कायम वजा होत राहतात. आणि गरिबीचा निकष मोफत जेवणाच्या अर्जावर आधारलेला असतो. ज्या शाळेत सगळ्यांनाच मोफत जेवण सुरू झालं तिथे तो गट म्हणजे नेमका कोण, हेच धूसर होतं.

परीक्षेला बसलं कोण हे विचारायचं राहूनच जातं. न्यू जर्सीपुरता एक सापळा तर प्रत्येक पालकाला माहीत असायला हवा. आठवीत अल्जेब्रा वन (हायस्कूलचं पहिलं बीजगणित) घेणारी मुलं राज्याची आठवीची गणिताची परीक्षा देतच नाहीत, ती अल्जेब्राची परीक्षा देतात. म्हणजे आठवीच्या गणिताच्या निकालातून गणितात पुढे असलेली मुलं गायब. २०२२ मध्ये राज्यभर आठवीच्या गणितात सुमारे १५ टक्केच मुलं रेषेवर होती, ती यामुळेही. आता एखाद्या डिस्ट्रिक्टने ठरवलं की आठवीत आणखी मुलांना अल्जेब्रा द्यायचा, तर आठवीच्या गणिताचा टक्का आपोआप पडेल. आणि अल्जेब्राची दारं आवळली तर तो वाढेल! चांगल्या निर्णयाला शिक्षा आणि वाईटाला बक्षीस. माझ्या ओळखीतले दोन पालक केवळ आठवीच्या गणिताचा आकडा बघून घर घ्यायचा बेत बदलणार होते. आठवीचं गणित आणि आठवीतला अल्जेब्रा एकत्र करून बघा, नाहीतर तो स्तंभ सरळ सोडून द्या. राज्य स्वतः मुलांची वाढ मोजताना गणितात सातवीपर्यंतच थांबतं, त्याचं कारणही हेच.

या सापळ्यात कुणाचा वाईट हेतू नाही. टेक्सासमधल्या एल पासोमध्ये होता. तिथे दहावीची परीक्षा केंद्र सरकारच्या हिशेबात धरली जायची, म्हणून कच्च्या मुलांना दहावीत येऊच द्यायचं नाही असा उद्योग चालला. कुणाला नववीत अडकवायचं, कुणाला थेट अकरावीत ढकलायचं, कुणाला शाळाच सोडायला लावायची. गावात त्या मुलांना 'लोस देसापारेसिदोस', म्हणजे नाहीशी झालेली मुलं, म्हणू लागले. सुपरिंटेंडंटना २०१२ मध्ये साडेतीन वर्षांची कैद झाली. अटलांटात तर शिक्षकांनी मुलांच्या उत्तरपत्रिकाच खोडून दुरुस्त केल्या. २०११ च्या राज्याच्या तपासात ४४ शाळांमधले १७८ जण सापडले. दोन्हीकडे आकडे वर्षानुवर्षं सुंदर दिसत होते. तुमच्याकडे असं काही चाललंय असं मी मुळीच म्हणत नाही. मी म्हणते ते एवढंच, की केंद्राच्या नियमाने ९५ टक्के मुलांनी परीक्षा द्यायला हवी, तर दोन्ही वर्षांची उपस्थिती शेजारी शेजारी ठेवून बघा. २०१५ मध्ये पार्कविरोधात इथल्या हायस्कुलांतून मुलं घाऊक संख्येने परीक्षेला बसली नाहीत. त्या वर्षाच्या हायस्कूलच्या आकड्यांना मी आजही हात लावत नाही.

मग भरवसा ठेवायचा कशावर? त्याच मुलांचा पाठलाग करा. २०२२ ची तिसरी म्हणजे २०२४ ची पाचवी. त्या तुकडीचा आकडा राज्याच्या त्याच तुकडीच्या शेजारी ठेवा. राज्य हवंच, कारण न्यू जर्सीत तिसरीचा इंग्रजीचा टक्का मुळात वरच्या इयत्तांपेक्षा कमी असतो, त्यामुळे सगळ्यांचीच तिसरी पाचवीत जाताना 'सुधारते'. २०२२ ची चौथी २०२४ च्या सहावीशी, पाचवी सातवीशी, सहावी आठवीशी. चार तुकड्या, प्रत्येकीतून राज्याची तीच तुकडी वजा. चारही उत्तरं अधिक आली तर काहीतरी खरं घडतंय असं मी मानते. दोन अधिक, दोन उणे आली तर तो खुर्दा.

हेच काम राज्य अधिक बारकाईने करतं, त्याला स्टुडंट ग्रोथ पर्सेंटाइल म्हणतात. कोलोराडोत डेमियन बेटेबेनर यांनी ही पद्धत घडवली, मॅसॅच्युसेट्सने आणि न्यू जर्सीने ती घेतली. कल्पना सोपी आहे: तुमच्या मुलीला गेल्या वर्षांत जितके गुण होते तितकेच गुण असलेली राज्यातली सगळी मुलं गोळा करायची आणि यंदा ती त्यांच्यात कितवी आली ते १ ते ९९ मध्ये सांगायचं. शाळेचा किंवा डिस्ट्रिक्टचा मधला आकडा ४० ते ६० दरम्यान असला तर वाढ साधारण. माझ्या दृष्टीने लागोपाठ तीन वर्षं ५५च्या वर असणं ही टक्क्यांच्या कुठल्याही उडीपेक्षा वजनदार बातमी आहे. दोष यातही आहे. राज्याचा मध्य कायम ५०च राहतो, त्यामुळे अख्खं राज्य घसरलं तरी हा आकडा चूप बसतो. शिवाय तिसरीच्या मुलांना मागचे गुणच नसतात, त्यामुळे बालवर्गापासून तिसरीपर्यंत शाळेने काय केलं ते यात येत नाही. तुमची मुलगी चौथीत आहे, म्हणजे तिचा पहिला आकडा चौथीच्या परीक्षेनंतर येईल.

राज्याबाहेर नजर टाकायची असेल तर स्टॅनफर्डमध्ये शॉन रिअर्डन आणि त्यांच्या गटाने २००९ पासूनचे देशभरातल्या डिस्ट्रिक्टचे राज्य-परीक्षांचे निकाल एका राष्ट्रीय मापपट्टीवर बसवले आहेत. प्रत्येक राज्याची रेषा वेगळी असल्याने नुसती टक्केवारी जुळवता येत नाही. मुलांचा नमुना घेऊन देशभर होणाऱ्या 'नेप' परीक्षेच्या आधाराने ते हे करतात. त्यात दोन स्वतंत्र आकडे मिळतात: मुलं सरासरी कुठे आहेत, आणि तिसरीपासून आठवीपर्यंत दर वर्षी किती शिकतात. पहिला आकडा घरच्या उत्पन्नाशी घट्ट बांधलेला आहे, दुसरा अगदी सैल. शिकागोचं उदाहरण गाजलं. तिथल्या मुलांची सरासरी देशाच्या खाली होती, पण तिसरी ते आठवी या पाच वर्षांत ती सहा वर्षांइतकं शिकत होती, देशातल्या ९६ टक्के डिस्ट्रिक्टपेक्षा वेगाने. आपण घर बघताना शिकागोवर फुली मारतो आणि अशा गावात जातो जिथे मुलं आधीच पुढे असतात आणि शाळा त्यांना साधारण वेगाने पुढे नेत असते. आपल्या लोकांच्या टाउनशिपमध्ये आणखी एक पेच आहे. शनिवारी सकाळी निम्मा वर्ग कुमॉनला किंवा कुणा काकूंच्या मॅथ क्लासला असतो. त्या गुणांत शाळेचा वाटा किती आणि काकूंचा किती, हे वाढीचा पर्सेंटाइलसुद्धा वेगळं करू शकत नाही.

तर तुमचे ६ अंक. राज्याची भरती वजा केल्यावर राहिले ३. त्यातले काही तुकड्यांच्या अदलाबदलीचे, काही कदाचित नव्या टाउनहाउसांचे. २०१९ चा आकडा हातात घ्या, चार तुकड्यांची वजाबाकी करा, दोन्ही वर्षांची उपस्थिती बघा, आणि राज्याच्या परफॉर्मन्स रिपोर्टमधून डिस्ट्रिक्टचा आणि तुमच्या शाळेचा ग्रोथ पर्सेंटाइल लिहून काढा. रविवारच्या एका दुपारचं काम आहे. तुलनेला शेजारची तीन-चार डिस्ट्रिक्ट घ्या, पण उत्पन्न आणि इंग्रजी शिकणाऱ्या मुलांचं प्रमाण साधारण सारखं असलेली. हे केल्यावर तुकड्यांची उत्तरं चारही अधिक आणि पर्सेंटाइल पंचावन्नच्या वर दिसला, तर पुढच्या बैठकीत उठून सुपरिंटेंडंटचं मनापासून अभिनंदन करा, आणि ६ऐवजी ३ म्हणायला सांगा. नाही दिसला, तर पब्लिक कॉमेंटमध्ये २०१९ चा आकडा मागा. आरडाओरडा न करता मागितला तर डेटा ऑफिसमधली माझ्यासारखी कुणीतरी मनातून सुखावेल; तो आकडा तिच्या मूळ आलेखात बहुतेक होताच, स्लाइड सुटसुटीत करताना कुणीतरी कापला.